सलंग (सांडवा) नसलेलं तळं: सांदवाडीतल्या जुन्या टाक्याच्या दुरुस्तीचं प्रकरण

हिंगणघाट तालुक्यातल्या आमच्या गावी, घरामागच्या सांदवाडीत एक तळं आहे. सोळा फूट लांब, बारा फूट रुंद, मधोमध तीन फूट खोल. मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, २००८ साली ते विटा-सिमेंटात बांधून घेतलं आणि त्यात कमळ लावलं. आता मामाजी नाहीत. कमळ आहे, पण गेल्या दोन उन्हाळ्यांत तळं इतकं गळायला लागलं की ते भरण्यासाठी रोज बोअर चालवावा लागे. पाणी हिरवंगार झालं होतं, तळाशी गाळ साचला होता आणि स्वयंपाकघराकडच्या भिंतीला आडवा तडा गेला होता.

घरात दोन मतं होती. दिरांचं म्हणणं, बुजवून टाका, घरात लहान पोरगी आहे. माझ्या नवऱ्याचं म्हणणं, वडिलांची आठवण आहे, गिलावा करून घेऊ. गिलावा एकदा २०१६ साली झालाच होता आणि दोन पावसाळेही टिकला नव्हता. तेव्हा नेमकं काय बिघडलंय ते कळल्याशिवाय एक पोतं सिमेंटही आणायचं नाही, असं मी ठरवलं. त्यात एक वर्ष गेलं. ते वर्ष वाया गेलं नाही, म्हणूनच हे सविस्तर लिहिते आहे. काळ्या मातीत असं टाकं ज्यांच्याकडे आहे त्यांना यातली मापं आणि कामांचा क्रम उपयोगी पडावा.

पाणी जातं किती आणि कुठून

मिस्त्री आले. पाच मिनिटं बघून म्हणाले, "ताई, वॉटरप्रूफ टाकून गिलावा मारून देतो, दोन दिवसांचं काम." किती पाणी गळतं, हे त्यांनी विचारलं नाही आणि मलाही सांगता आलं नसतं. मे महिन्यात विदर्भात कुठलंही उघडं पाणी झपाट्याने आटतं. त्यातलं उन्हाने किती गेलं आणि तड्याने किती, हे वेगळं केल्याशिवाय दुरुस्तीला हात घालण्यात अर्थ नव्हता.

त्यासाठी एक सोपी परीक्षा आहे. बादलीत तळ्याचंच पाणी भरायचं आणि बादली तळ्यातच विटांवर अशी ठेवायची की तिचा काठ पाण्याच्या वर राहील. मग बादलीतलं आणि बाहेरचं पाणी सारखंच तापतं. सकाळी सहा वाजता दोन्हीकडे खूण करायची, दुसऱ्या दिवशी सहाला पट्टीने मोजायचं. नवतप्याच्या, म्हणजे मेअखेरच्या नऊ तापत्या दिवसांच्या, आधीच्या आठवड्यात मी चार दिवस मोजलं. बादली दिवसाला साधारण ११ मिलिमीटर उतरली, तळं ३८.

तळ्याचा पृष्ठभाग १९२ चौरस फूट, म्हणजे जवळपास १८ चौरस मीटर. एक चौरस मीटरवरचं एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. म्हणजे उन्हाने रोज दोनशे लिटर, एक ड्रम. तड्याने रोज पावणेपाचशेच्या वर, जवळपास अडीच ड्रम. उन्हाचा ड्रम कोणी थांबवू शकत नाही, थोडा कमी करता येतो. अडीच ड्रमांचा मात्र शोध घ्यायलाच हवा होता.

मग बोअर बंद ठेवला आणि तळं उतरू दिलं. काठापासून चौदा इंच खाली आल्यावर ते एकदम सावरलं आणि बादलीइतकंच उतरू लागलं. म्हणजे तळ शाबूत होता, गळती चौदा इंचांच्या वरच होती. पुन्हा त्या रेषेच्या दोन बोटं वर पाणी भरलं, कपड्यांची नीळ पाण्यात कालवली आणि सुई काढलेल्या सिरिंजने भिंतीलगत थेंब थेंब सोडत गेले. तीन बाजूंना नीळ ढगासारखी पसरून जागच्या जागी विरली. स्वयंपाकघराच्या बाजूला, मधल्या खांबाजवळ, तिचा धागा झाला. तो धागा सरळ भिंतीकडे गेला आणि नखही शिरणार नाही अशा फटीत नाहीसा झाला. पुढे हातभर अंतरावर पुन्हा तसंच. साडेपाच फूट लांबीचा तडा मी खडूने आखून घेतला.

सासूबाईंचा प्रश्न

हे सगळं सासूबाई ओट्यावरून बघत होत्या. त्यांचं माहेर गोंदिया जिल्ह्यात, नवेगावबांधच्या बाजूला. नवेगावबांधचं तळं कोलू पाटील कोहळी यांनी बांधलं असं तिकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडच्या गावांमध्ये असे मालगुजारी, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या काळातले, तलाव आजही आहेत. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव राहिले. त्या भागातल्या माणसाला तलाव म्हटला की तीन गोष्टी आधी दिसतात: पाणी अडवणारी पाळ (तिकडच्या बोलीत पार), शेतीला पाणी सोडायचं तुडुम आणि जादा पाणी निघून जायची सलंग.

खडूची रेघ बघून त्या म्हणाल्या, "पानी येते कुठून थे तं दिसते. जाते कुठून? याले सलंगच नाही."

आमच्या तळ्याला जादा पाणी जायला वाटच ठेवलेली नव्हती. पाऊस पडला की ते भरायचं आणि कुठल्यातरी काठावरून सांडायचं. कुठल्या काठावरून, हे पंधरा-सोळा वर्षांत कुणी पाहिलं नव्हतं. मी मिस्त्रींची लेवल पाईप मागून आणली. पारदर्शक नळीत पाणी भरून तिची दोन टोकं दोन काठांवर धरायची, दोन्हीकडे पाणी एका पातळीत उभं राहतं. स्वयंपाकघराकडचा काठ समोरच्या काठापेक्षा दीड इंच खाली निघाला.

तिथे सगळं जुळलं. दर पावसाळ्यात तळं नेमकं घराच्या बाजूला सांडत होतं आणि ते पाणी भिंतीमागच्या काळ्या मातीत मुरत होतं. आमची माती कपाशीची. तिच्यातल्या मॉन्टमोरिलोनाइट नावाच्या चिकणमातीच्या थरांत पाणी शिरलं की ती फुगते, सुकली की आकसते. मे महिन्यात वावरात हात कोपरापर्यंत जाईल अशा भेगा पडतात त्या यामुळेच. पावसाळ्यात ही माती फुगून भिंतीला तळ्याकडे रेटायची. उन्हाळ्यात आकसून मागे सरकायची, भिंतीमागे पोकळी राहायची आणि आतलं पाणी भिंतीला बाहेर ढकलायचं. दरवर्षी असं पुढे-मागे झाल्यावर विटांचा सांधा उघडणारच. एकदा उघडला की त्यातून झिरपलेलं पाणी तीच माती पुन्हा भिजवणार. स्वयंपाकघरातली कोपऱ्यातली फरशी दोन वर्षांपासून का उचलली गेली होती, तेही त्या दिवशी कळलं. आम्ही तो उंदरांचा उपद्रव समजत होतो.

गिलावा का टिकला नाही, याचं उत्तर सिमेंटच्या पोत्यात नव्हतंच. भिंत हलत होती, आणि हलत्या भिंतीवरचा गिलावा तिच्याबरोबर फुटणार.

एक पावसाळा नुसतं बघणं

जून जवळ आला होता. घाईने काम काढलं असतं तर चिखलात अडकलो असतो. शिवाय पाणी येतं कुठून, हेही मला डोळ्यांनी पाहायचं होतं. जुलैतल्या एका मोठ्या सरीत छत्री घेऊन तासभर सांदवाडीत उभी राहिले. घराच्या टिनाचं पाणी कोपऱ्यात पडून वाया जात होतं, तळ्यात थेंब येत नव्हता. आणि गोठ्याच्या नालीचं पाणी, शेणामुताचं, उतारावरून थेट तळ्यात. हिरव्या पाण्याचं मूळ तिथे होतं. त्यात भर म्हणजे पोरं माशांना पोळीचे तुकडे आणि मुरमुरे टाकायची. निंबाची पानगळ फेब्रुवारी-मार्चमध्ये, तेव्हा पानं तळाला जाऊन कुजायची. एवढं खत मिळाल्यावर शेवाळाने आणखी काय करावं?

हे बघितलं नसतं तर मी फिल्टर आणि पंपाची किंमत काढत बसले असते. भाच्याने कूलरचा पंप लावून कारंजं करायचं सुचवलंच होतं. ते मी सरळ नाकारलं. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात. जिथे तीन वर्षांची पोरगी हात बुडवणार त्या पाण्यात मी विजेची वायर सोडणार नाही.

तीन पर्याय

पहिला, जुन्या भिंती पाडून सळ्या घालून काँक्रीटचं टाकं. चांगलं बांधलं तर टिकतं, पण काळ्या मातीत त्याच्याखाली आणि भोवती मुरूम भरावाच लागतो. खर्च सगळ्यांत जास्त. शिवाय नव्या सिमेंटातून चुना पाण्यात उतरतो. मासे सोडण्याआधी टाकं पुन्हापुन्हा भरून रिकामं करावं लागलं असतं. एवढं पाणी उन्हाळ्यात आणायचं कुठून?

दुसरा पर्याय सासूबाईंच्या मनातला, बोडीसारखं मातीचं तळं. काळी माती ओली असेपर्यंत पाणी छान धरते. पण बोडी धानाच्या बांधीत असते, पावसाळ्यात भरते, उन्हाळ्यात आटते आणि आटलेली कोणाला खटकत नाही. आम्हाला मे महिन्यातही कमळ जगवायचं होतं. पाणी चार बोटं उतरलं की उघडी पडलेली कड तडकणार, आणि पुन्हा पाणी भरलं की ते त्याच भेगांतून जाणार. हा पर्याय सोडताना मला वाईट वाटलं, कारण तो सगळ्यांत देखणा होता.

तिसरा, शेततळ्याला घालतात तो ५०० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद. तो जमिनीबरोबर थोडा हलतो, फुटत नाही. आमच्याकडे शेततळ्यांमुळे कागद मिळतो आणि मशीनने जोडून देणारे लोकही आहेत. त्याचे शत्रू तीन: ऊन, टोकदार दगड आणि घुशी. हाच निवडला, पण एकट्या कागदावर भिस्त ठेवली नाही. भिंतीभोवतीची काळी माती दीड फूट रुंद आणि दोन फूट खोल काढून तिथे मुरूम ठोकून भरायचं ठरलं. हे माझ्या डोक्यातून आलेलं नाही. फुगणाऱ्या मातीवर चिकट पण न फुगणाऱ्या मातीचा थर दिला की फुगवटा आवरतो, हे आयआयटी मुंबईच्या प्रा. आर. के. कट्टी यांनी दाखवून दिलं आणि काळ्या मातीतल्या कालव्यांसाठी ते वापरलं गेलं. आमचं तळं कालव्यापुढे चिमुकलं, पण माती तीच.

मापं

सगळ्यांत आधी सलंग ठरवली, बाकी सगळं तिच्यावरून. घराच्या विरुद्ध बाजूचा काठ दोन इंच खाली घ्यायचा आणि त्यात फूटभर रुंद, तीन इंच खोल खाच ठेवायची. पाईप का नाही? आमचं टिनाचं छत ८० चौरस मीटर. तासाभरात ५० मिलिमीटर कोसळला तर छताचे चार हजार लिटर आणि तळ्यावर पडणारे नऊशे. म्हणजे सेकंदाला दीड लिटरच्या आत. हे पाणी चार इंची पाईपमधून जाईल, पण निंबाची पानं पाईपच्या तोंडाशी अडकली की पुन्हा घराकडचा काठ आहेच. उघड्या खाचेत पान अडकलं तरी दिसतं आणि हाताने काढता येतं. सलंगेपुढे दगडांची छोटी चारी, ती केळीच्या आणि अळूच्या वाफ्यात.

कागदाचं माप पुष्कळजण चुकतात, म्हणून देते. लांबी अधिक दुप्पट खोली अधिक दोन्हीकडची दाब, म्हणजे काठावर पुरायची दीड-दीड फूट कड. आमच्यासाठी १६ अधिक ६ अधिक ३, म्हणजे २५ फूट. रुंदीला १२ अधिक ६ अधिक ३, म्हणजे २१. एकूण ५२५ चौरस फूट. आत पायरी असली तरी माप बदलत नाही, कारण पायरीचं आडवं लांबी-रुंदीत आणि उभं खोलीत आधीच धरलेलं असतं.

पायरी आमच्या पोरीसाठी आणि बेडकांसाठी. जुन्या टाक्याच्या भिंती सरळ उभ्या होत्या. त्यात पडलेली खार, कोंबडीचं पिलू वर येऊ शकत नसे, सकाळी तरंगताना सापडे. आता भोवताली दीड फूट रुंद, फूटभर खोल पायरी आणि एका कोपऱ्यात गोट्यांचा उतार. लेकरासाठी फूटभर पाणीही धोक्याचंच असतं, म्हणून पायरीवर भरवसा न ठेवता तळ्याभोवती तीन फूट उंच जाळी आणि वर कडी असलेलं फाटक. दीर राजी झाले ते या फाटकामुळे. नव्या तळ्यात साधारण साडेदहा हजार लिटर पाणी मावतं. छत आणि तळं मिळून शंभर मिलिमीटर पावसात आठ हजारांच्या वर मिळतं, तेही छतावरचं एक-पंचमांश वाया धरून. म्हणजे मृगाने साथ दिली तर बोअरची गरज नाही.

मुरमाचा हिशोब: भोवतालची पट्टी ९३ चौरस फूट, दोन फूट खोल, म्हणजे १८६ घनफूट. ठोकल्यावर बसतो म्हणून चौथा हिस्सा वाढवून अडीच ब्रास (ब्रास म्हणजे शंभर घनफूट) मागवला.

कामांचा क्रम

क्रम उन्हाच्या हिशोबाने लावावा लागतो. मासे फेब्रुवारीतच हलवले, कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंशांना लिटरमागे ९ मिलिग्रॅम, तर ३५ अंशांना ७. मे महिन्यात मासा ड्रममध्ये भरणं म्हणजे त्याचा जीव घेणं. तळ्यात चार रोहू होते, हातभर लांब. एवढ्याशा पाण्यात रोहू ठेवायलाच नको होते. ते एका नातेवाइकाच्या शेततळ्यात दिले. गप्पी मासे डासांच्या अळ्यांसाठी ठेवले, पण नाल्यात एकही सोडला नाही. ते आपल्याकडचे नव्हेत आणि नाल्यात वाढले की तिथल्या मासोळीच्या वाट्याचं खातात.

कमळाचे गड्डे मार्चच्या सुरुवातीला काढले, कोंब फुटायच्या वेळी. गड्ड्याचं टोक सुईसारखं असतं, पातळ कागद भेदू शकतं. म्हणून कमळ मोकळं न सोडता गोल घमेल्यांत लावलं. चौकोनी भांड्याच्या कोपऱ्यात कोंब अडकून राहतो, गोलात फिरत राहतो. खाली तळ्याचाच गाळ आणि काळी माती, वर दोन बोटं वाळू.

गाळ दहा इंच निघाला. सुकवून फोडला आणि वांग्या-मिरच्यांच्या वाफ्यांत पसरला. एप्रिलमध्ये काळी माती खणून काढली. तेव्हा ती दगडासारखी होती, सब्बल लागली, पण पावसाळ्यात खणली असती तर पाय निघाले नसते. मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांनी, पाणी मारून, धुम्मसाने ठोकला. तडा गेलेल्या भिंतीचा वरचा चौदा इंचांचा भाग पाडला, त्याच्या विटा पायरीला वापरल्या. सगळे कोपरे गोल केले, कारण हा कागद ताठ असतो, काटकोनात घडी पडली की तिथेच पुढे फाटतो. विटा-गोट्यांवर ओल्या वाळूचा हात फिरवला आणि त्यावर घरातली जुनी लुगडी आणि गोणपाट अंथरले.

कागद टाकण्याआधी गोठ्याची नाली वळवली. हे काम मी यादीत वर घेतलं होतं, नाहीतर राहून गेलं असतं.

कागद जूनच्या पहिल्या आठवड्यात आला. सकाळी सहाला सहा माणसांनी धरून उतरवला. नऊच्या आत आटपायचं होतं, कारण उन्हात तो ताणतो आणि रात्री आकसतो. तेव्हा तणाव न देता, थोडा सैल सोडला. काठावर दीड फूट दाब मुरमात पुरली आणि वर फरश्या अशा बसवल्या की कागदाला ऊन कुठेच दिसू नये.

पहिल्या पावसाचं छताचं पाणी तळ्यात घेतलं नाही. वर्षभराची धूळ आणि पाखरांची घाण त्यात असते. दुसऱ्या सरीपासून पन्हाळीचा पाईप तळ्याकडे फिरवला. मधल्या कोरड्या दिवसांत ग्रामपंचायतीच्या नळाचं थोडं पाणी घ्यावं लागलं. त्यात टीसीएल (ब्लीचिंग) पावडर असते, म्हणून ते ड्रममध्ये दोन दिवस उघडं ठेवून मग सोडलं.

आत्तापर्यंत

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात रात्री मोठा पाऊस झाला. मी आणि सासूबाई बॅटरी घेऊन मागे गेलो. पाणी सलंगेवरून बोटभर जाडीने सरकत होतं आणि केळीच्या आळ्यात उतरत होतं. घराकडचा काठ कोरडा होता. सासूबाईंनी फरशीवर हात फिरवून पाहिला आणि "आता पार नाही फुटत" एवढं बोलून आत गेल्या.

ऑगस्टअखेर चार दिवस उघाड मिळाली तेव्हा बादली पुन्हा ठेवली. बादली दिवसाला तीन मिलिमीटर, तळंही तीन.

एक काम माझ्या हातून कमी पडलं. गोठ्याकडच्या कोपऱ्यात मुरमाचा शेवटचा थर संध्याकाळी घाईने ठोकला होता, तो पावसात इंचभर बसला आणि तिथली फरशी कलली. कागद शाबूत आहे, पण कड उघडी पडली तर पुढच्या उन्हाळ्यात ऊन तिला खाईल. दिवाळीनंतर, मुरूम वाळला की फरशी काढून तो कोपरा पुन्हा भरायचा आहे. त्याच वेळी लेवल पाईप लावून चारही काठ पुन्हा मोजायचे. हिरवी शेडनेट फेब्रुवारीत पानगळीच्या आधी ताणायची आणि मेअखेरपर्यंत ठेवायची, पश्चिमेच्या अर्ध्या भागावरच, कारण कमळाला ऊन लागतं. स्वयंपाकघरातली फरशी अजून तशीच आहे. खालची माती एक पूर्ण उन्हाळा सुकल्याशिवाय ती बसवायची नाही, असं मिस्त्रींनाच सांगून ठेवलंय.